सिद्रामप्पांच्या लॉरीचे हरवलेले मैल

सोलापूर

पेट्रोलवर नजर ठेवण्यासाठी माझी निवड झाली, कारण मला मोटारीतले काही कळत नाही. सिद्रामप्पांनी हे माझ्या तोंडावरच सांगितले.

"नाना, ज्याला कळतं तो ड्रायव्हरला सामील होतो. तुम्हाला काहीच कळत नाही, हे सगळ्या पेठेला ठाऊक आहे की."

मी नम्रपणे मान लववली. सोलापुरात माझे छत्र्यांचे दुकान आहे. आमच्याकडे पावसाचे दिवस बोटांवर मोजता येतात, त्यामुळे माझ्या हाती वेळ पुष्कळ असतो आणि गावात माझ्याइतका निःपक्षपाती माणूस दुसरा सापडत नाही.

सिद्रामप्पा शेंगांचे व्यापारी. त्यांची एक लहान लॉरी आहे. पुढे दोघांना बसायला बाक, मागे माल टाकायला उघडा हौदा. गेल्या वर्षी ही लॉरी भीमेच्या वाळूत रुतली आणि सहा बैलजोड्या जुंपून बाहेर काढावी लागली. बैलांनी ओढलेल्या मोटारीत बसून सिद्रामप्पा पलीकडच्या बाजारात शिरले, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. तो हार त्यांना अजून विसरता आलेला नाही. म्हणून यंदा त्यांनी मुंबईहून चार नवी टायरे मागवली. जुन्यांपेक्षा रुंद, उंच आणि चांगली फुगीर. ती बसेनात, तेव्हा लोहार बोलावून चाकांवरचे पत्रे ठोकून वर केले. लॉरी दोन बोटे उंच झाली आणि सिद्रामप्पा चार.

त्याच दिवसापासून पेट्रोल चोरीला जाऊ लागले.

पूर्वी एका गॅलनला बारा मैल पडत. नवी टायरे आल्यापासून नऊ पडू लागले. सिद्रामप्पांच्या हिशेबात टायर आणि पेट्रोल यांचा काही संबंध नव्हता. टायर रबराचे, पेट्रोल टाकीत. मध्ये उरला ड्रायव्हर.

ड्रायव्हर म्हणजे दस्तगीरभाई. पन्नाशीला आलेला, लढाईच्या वेळी बसऱ्याला फौजेच्या लॉऱ्या हाकलेला, आणि आठ वर्षे सिद्रामप्पांकडे. विचारल्यावर त्याने एवढेच सांगितले, "अप्पा, मैं चुराया नहीं. कहाँ जाता, वो बी मेरे कू मालूम नहीं." यातले पहिले वाक्य त्याच्या बाजूचे होते. दुसऱ्याने घात केला.

त्यातच सिद्रामप्पांचा मेव्हणा पुण्याहून मोटार शिकून आला होता. तो काळा चष्मा लावून रोज अंगणात येऊन बसे. जागा भरायला माणूस तयार होता, फक्त जागा रिकामी व्हायची होती. सिद्रामप्पांनी निकाल दिला की अक्कलकोटवरून नदीपलीकडच्या बाजाराची एक खेप होऊ द्यायची, नाना बरोबर जातील, आणि परत आल्यावर पुन्हा नऊच पडले तर दस्तगीरने किल्ली खाली ठेवायची.

निघण्याच्या सकाळी आठ गॅलनांची टाकी माझ्या डोळ्यांदेखत काठोकाठ भरली. शिवाय दोन-दोन गॅलनांचे दोन डबे एका लाकडी खोक्यात ठेवले. डब्यांच्या तोंडांवर लाख वितळवून सिद्रामप्पांनी आपला शिक्का उठवला. वाटेत डबा उघडावा लागला तर पुन्हा मोहर करता यावी म्हणून लाखेची कांडी आणि तो शिक्का माझ्या स्वाधीन केला. मी दोन्ही वस्तू कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्या. कोट टसरचा होता, मोतिया रंगाचा, या कामगिरीसाठी मुद्दाम शिवून घेतलेला. चौकशीला जाणाऱ्या माणसाने चौकशीला जाणाऱ्या माणसासारखे दिसले पाहिजे, असे माझे मत आहे.

अक्कलकोटचा रस्ता

बाकावर दस्तगीरभाईच्या शेजारी नरसय्या बसला होता. नरसय्या आमच्या गावातला साठीचा विणकर. घरात तेलुगू बोलणारा, बाजारात मराठी, आणि माग चालू असला की कुणाशीच न बोलणारा. लुगड्यांचे दोन गठ्ठे घेऊन तो नदीपलीकडच्या बाजाराला निघाला होता. मी त्या दोघांच्या मागे, हौद्यात, पेट्रोलच्या खोक्यावर बसलो. खोक्यावर गादी टाकली होती. त्या जागेचे दोन फायदे होते. एक तर पेट्रोल माझ्या खाली राहत होते, आणि दोघांच्या खांद्यांमधून मैल दाखवणारे मीटर दिसत होते.

"नाना, ऊपर ऊन लगेगा. आगे बैठो," दस्तगीरभाई म्हणाला.

"मला वारा आवडतो," मी म्हणालो.

"हौ," तो म्हणाला. त्या एका 'हौ'मध्ये त्याला सगळे ठाऊक असल्याचे मला कळले आणि मला ते कळल्याचे त्याला कळले. नंतर तीन दिवस आम्ही दोघांनी त्याबद्दल अवाक्षर काढले नाही.

कुंभारी मागे पडली. दोन्ही बाजूंना काढणी झालेली ज्वारीची राने, कडब्याच्या गंजी, आणि मधूनच एखादे लिंबाचे झाड. सपाटीवर गाडी छान पळत होती. पण थांबून पुन्हा निघायचे म्हटले की ती आजारी माणसासारखी कण्हायची, आणि जरा चढ आला की दस्तगीरभाई खालचा गिअर टाकायचा.

"पूर्वी हा चढ अशीच चढायची?" मी सहज विचारल्यासारखे विचारले.

"पहले भागते चढती थी. ये टायर आये, तबसे हर बार हाथ मारना पडता." त्याने गिअरच्या दांड्याकडे हनुवटी केली. मी ते ऐकून घेतले. संशयित माणूस आपल्या बाजूने बोलणारच, अशी मी मनाशी नोंद केली.

मग मला एक मोठा शोध लागला. रस्त्याच्या कडेला मैलाचे दगड होते. नवव्या दगडापाशी मी मीटर पाहिले, तर आठ मैल आणि वर जरासे. बाराव्या दगडापाशी पावणेअकरा आणि वर जरासे. वळसंगला चहा प्यायला उतरलो तेव्हा हा शोध माझ्या पोटात मावेना. सोलापूरहून चोरी पकडायला निघालेल्या मला वाटेत भलतीच चोरी सापडली होती. मीटर विलायती, म्हणजे ते खरे. दगड इथलेच, म्हणजे कुणातरी ठेकेदाराने बसवलेले. त्या गृहस्थाने प्रत्येक मैल आखूड करून दगड लवकर लवकर पुरले होते आणि काम लवकर उरकले होते! नऊ मैलांत जवळजवळ एक मैल खाल्लेला माणूस माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. तो जाड होता.

हा शोध मी कुणालाच सांगितला नाही. मोठ्या अधिकाऱ्याच्या कानावर घालायची गोष्ट चहाच्या दुकानात बोलत नाहीत.

अक्कलकोट

गावाच्या शिवेवर संस्थानचा नाका लागला. कारकुनाने खोके पाहून विचारले, "आत काय?"

"पेट्रोल."

"आणि वर?"

"मी."

त्याने दोन्ही नोंदी केल्या असाव्यात, कारण त्याला बराच वेळ लागला. नाक्याजवळचा दगड चोवीस सांगत होता आणि मीटर साडेएकवीसच्या थोडे पुढे गेले होते. मी दगडाकडे तिरस्काराने पाहिले.

अक्कलकोटचे लोक दोन भाषांत जेवू घालतात. आमच्याकडे खानावळीत पानात वाढले की वाढणारा पाठ फिरवतो. इथे खानावळ चालवणारी गौरक्का समोर उभी राहून तुमचे पान बघत असते. आधी मराठीत विचारते, "वाढू का?" आपण नको म्हटले की कानडीत, "इन्न स्वल्प," म्हणजे आणखी थोडे, आणि तोवर पानात पडलेले असते. 'साकु', म्हणजे पुरे, हा शब्द मी तिथे शिकलो. तो शब्द त्यांच्याकडे आहे, पण चालतो असे दिसले नाही. कडक भाकरी, भरले वांगे, हुग्गी नावाची गव्हाची खीर, आणि शेंगाची चटणी. सोलापुरात चटणीवर तेल आपण मागून घेतो. गौरक्का चटणीत आळे करते आणि त्यात तेल ओतते, विहिरीला पाणी लागावे इतके.

चौथ्यांदा "साकु" म्हणताना मी हाताने पान झाकायला गेलो. गौरक्काचा चमचा माझ्या हातावर आपटला आणि ते सगळे आळे माझ्या टसरच्या कोटावर उतरले. डाव्या खिशापासून तिसऱ्या बटणापर्यंत लाल ओघळ गेला.

"अय्यो शिवने!" गौरक्का म्हणाली, आणि माझे लक्ष नाही असे पाहून तेवढ्यात आणखी चटणी वाढली.

कोटाला धर्मशाळेत साबण लावून पाहिला. डाग गुलाबी झाला. राखेने तो करडा झाला. ऊन अजून होते. दस्तगीरभाई नमाजाला गेला होता, नरसय्या आंघोळीला. मी हौद्यात खोक्यावर बसून कोटाकडे बघत होतो, आणि एकदम आठवले की पुण्याला धुलाईवाले तेलाचे डाग पेट्रोलने काढतात.

आता मी काय केले ते स्वच्छ सांगतो. लाखेची मोहर फोडली, सोड्याची एक रिकामी बाटली डब्यातून भरून घेतली, झाकण लावले, कांडी पेटवलेल्या काडीवर धरून लाख ओघळवली आणि वर सिद्रामप्पांचा शिक्का उठवला. (पेट्रोलच्या डब्याशेजारी काडी पेटवू नये, हे मला नंतर दस्तगीरभाईने सांगितले. सांगताना तो खाली बसला.) नवी मोहर जुनीपेक्षा सुबक आली. कोटावर अर्धी बाटली घासली, उरलेली अर्धीही घासली. चौकशी करणाऱ्याच्या पोशाखाची निगा हा चौकशीचाच भाग आहे, असा विचार त्या वेळी मला अगदी रास्त वाटला. मग मी ती गोष्ट विसरून गेलो. असल्या गोष्टी विसरणे मला नेहमीच चांगले जमते.

नदी

दुसऱ्या दिवशी अक्कलकोटपासून दक्षिणेकडे निघालो. खडीचा रस्ता संपला, दगडही संपले, आणि काळ्या मातीतल्या गाडीवाटेने सकाळभर हादरे खात आम्ही भीमेच्या काठावर आलो. उन्हाळ्याची नदी म्हणजे अर्धा मैल वाळू आणि पलीकडच्या कडेला गुडघाभर पाणी.

काठावर बाभळीखाली एक माणूस बैलजोडी आणि सोल, म्हणजे ओढायचा जाड दोर, घेऊन बसला होता. हा बिराप्पा. मेंढरे राखतो, थोडी शेती करतो, आणि बाजाराच्या दिवशी इथे येऊन मोटारी रुतण्याची वाट बघतो. गेल्या वर्षी सिद्रामप्पांची लॉरी काढणाऱ्या सहा जोड्यांतली पहिली जोडी त्याचीच. हारही त्यानेच आणवला होता.

"राम राम पाव्हनं!" तो आनंदाने उठला. "यिऊ द्या म्होरं. सोल तयार हाय."

दस्तगीरभाई उतरला. त्याने चारी टायरांतली हवा थोडी थोडी सोडली. टायरे जमिनीवर पसरली, जेवून बसलेल्या माणसासारखी. मग तो वर चढला आणि गाडी एकाच चालीने, न थांबता, वाळूतून घेऊन गेला. गेल्या वर्षी बारा बैलांना जिथे फेस आला होता, तिथून ती नरम चाकांवर तरंगत गेली. मागून बिराप्पा बैल घेऊन पळत होता.

"आता रुतंल! आता रुतंल की!"

रुतली नाही. पलीकडे पोहोचल्यावर बिराप्पाने टायराला लाथ मारली. "ह्या चाकानं माझं लई नुकसान क्येलं. आवंदा बैल नुसतं बसून हायत."

मग हवा पुन्हा भरायची होती. हातपंपाने. दस्तगीरभाई म्हणाला, नरम चाकावर रस्त्याने गेले तर पेट्रोल आणखी जाईल. मी कोट काढून शंभर वेळा पंप मारला आणि एक टायर थोडेसे नाराज झाले, एवढाच फरक पडला. बाकीचे काम बिराप्पाने केले. बैलांचा रिकामा वेळ त्याने स्वतःच्या अंगावर घेतला.

बाजारात नरसय्याची लुगडी दुपारच्या आत खपली. परत नदीकाठी येऊन तिथल्या एका बाभळीखाली आम्ही चौघे भाकरी खायला बसलो. तिथे माझ्याने राहवले नाही. मी ठेकेदाराची चोरी सांगून टाकली. आवाज खाली आणून, हातवारे करून, प्रत्येक दगडाचा आकडा सांगून. शेवटी मी त्या ठेकेदाराला फासावर नेऊन उभे केले.

नरसय्या भाकरी चावायची थांबला. "नाना, फाळका कधी बदलला?"

"कसला फाळका?"

त्याने चाकाकडे बोट दाखवले. "आमच्या घरी सूत फाळक्यावर गुंडाळतात. लाकडी सांगाडा असतो, हातानं फिरवायचा. इतके फेरे झाले म्हणजे इतके हात सूत. काही सूतवाले फेरे बरोबर मोजून देतात, पण फाळकाच लहान करून आणतात. म्हणून आम्ही आधी फाळका मोजतो, मग फेरे. हितं फाळका मोठा केलाय. आणि तुमचं मीटर काय मोजतं?"

आम्ही दोघांनी दस्तगीरभाईकडे पाहिले.

"फेरे," तो हळूच म्हणाला. "चाक घूमता, उसका मीटर घूमता." त्याच्या हातातला घास तसाच राहिला.

लॉरीच्या मागे एक जादा चाक टांगलेले होते. ते जुन्याच, पातळ टायराचे होते. नरसय्याने गठ्ठ्याची सुतळी सोडली, एक तुकडा जुन्या चाकाभोवती गुंडाळून कापला, दुसरा नव्या चाकाभोवती. दोन्ही वाळूवर शेजारी ताणून ठेवले. नव्या चाकाची सुतळी वीतभर आणि वर दीड बोट लांब निघाली.

"प्रत्येक फेऱ्याला एवढा रस्ता मीटरला दिसतच नाही," तो म्हणाला. मग ओणवा होऊन, "ओकटी, रेंडू, मूडू," असे तेलुगूत मोजत त्याने नवी सुतळी वाळूवर नऊ वेळा टाकली आणि तिथे काठी रोवली. जुनी सुतळी घेऊन पुन्हा सुरुवातीपासून मोजत आला. दहाव्या वेळी तिचे टोक काठीला येऊन टेकले.

बिराप्पा सगळे उकिडवा बसून बघत होता. "मंजी मोटार नऊ म्हनती तवा धा झाल्यालं आसत्यात! ह्ये तर माज्या बैलाला बी कळंल."

मला कळायला थोडा वेळ लागला. नवव्या दगडापाशी आठ आणि वर जरासे, हे आता कुठे जागेवर बसले. दगड बरोबर होते. ठेकेदाराची मी मनातल्या मनात माफी मागितली. दोन दिवसांत मी पकडलेला तो एकुलता एक चोर होता, आणि तोही हातचा गेला.

दस्तगीरभाई मात्र हसला नाही. "नऊचे दहा झाले. अप्पाला बारा पाहिजे. दोन और किधर गये?"

"ते मला नाही सांगता येणार," नरसय्या म्हणाला. "मी सुताचा माणूस."

दस्तगीरभाई उठला. मग नव्या चाकापाशी गेला, जॅक लावून ते जमिनीवरून उचलले आणि हाताने फिरवून पाहिले. नंतर टांगलेले जुने चाक उतरवून दोन्ही हातांत तोलले. नवे चाक काढून तसेच तोलायला गेला, तर बिराप्पाला हात लावावा लागला.

परत सोलापूर

नदी उलट ओलांडताना एक डबा टाकीत ओतला. रात्री अक्कलकोटला मुक्काम. मी गौरक्काकडे कोट न घालता गेलो. तिसऱ्या दिवशी येताना मी प्रत्येक दगडाला ओळखीचे हसू देत होतो.  वळसंगला चहा पिताना दस्तगीरभाईने मधूनच नाक वर करून वास घेतला, माझ्याकडे पाहिले, आणि पुन्हा चहा प्यायला लागला.

दुपारी अंगणात पोहोचलो. सिद्रामप्पा ओट्यावर होते. मेव्हणा चष्म्यासकट होता. मीटर वाचले, एक्याऐंशी मैल. टाकी उपसून पाहिली, गॅलनभर उरले होते. भरलेले आठ, डब्यातले दोन, उरलेले एक.

"गेले नऊ," सिद्रामप्पा म्हणाले. "नऊ नवे एक्याऐंशी. गॅलनला नऊ मैल. पुन्हा तेच की दस्तगीर."

दस्तगीरभाईने किल्ली काढून ओट्यावर ठेवली. मेव्हण्याने किल्लीकडे पाहिले.

"थांबा अप्पा," मी म्हणालो आणि अंगणाच्या मध्यभागी गेलो. असे प्रसंग आयुष्यात फार येत नाहीत. मी दोन्ही हात वर केले. "या लॉरीत खरोखर चोरी झालेली आहे!"

"ते मला ठाऊक आहे."

"चोराचं नाव ठाऊक नाही. नरसय्या, सुतळ्या काढ!"

नरसय्याने सुतळ्या काढल्या आणि माझ्या नाटकाची वाट न बघता दोन मिनिटांत सगळे दाखवले. सिद्रामप्पा आधी मानेनात.

"मीटर विलायती आहे. ते खोटं कसं दाखवेल?"

"खोटं नाही दाखवत अप्पा," नरसय्या म्हणाला. "तुम्ही हितं टायर बदललं, ते त्याला कुणी सांगितलंच नाही."

सिद्रामप्पा जन्मभर शेंगा मापाने घेत आणि देत आलेले. मापाचे बूड आत-बाहेर झाले की काय होते, हे त्यांना सुतळीशिवायही कळत होते. ते स्वतः उठले, गुडघे टेकून बसले, सुतळी स्वतः टाकून मोजली. नऊ आणि दहा. दोनदा मोजली.

"म्हणजे एक्याऐंशी नाहीत, नव्वद. गॅलनला दहा." ते उठले. "आणि बाराचे दहा का?"

दस्तगीरभाई पुढे आला. "अप्पा, बसरे में फौज ने हमको भारी बूट दिये. चिखल में, रेत में, बहोत अच्छे. पाँव धसते नहीं. मगर वो बूट पहनके दिनभर चले तो भूक डबल लगती. ये टायर वैसेच हैं. वजन उठाके घुमाना, चढ पर खालचा गिअर, थांबलो की फिरसे ढकलना. गाडी को भूक लगती. वो खाती है अप्पा. मैं नहीं."

मेव्हण्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

सिद्रामप्पा बराच वेळ चारी टायरांभोवती फिरले. "तीन मैल गेले होते," ते म्हणाले. "एक मीटरनं खाल्ला, दोन टायरांनी. चोर मीच आणला की, मुंबईहून, रेल्वेनं." त्यांनी ओट्यावरची किल्ली उचलून दस्तगीरभाईच्या हातात दिली. माफी वगैरे शब्द त्यांच्या तोंडात बसत नाहीत. "जुनी टायरं परत बसवायची का? तू सांग."

"नक्को अप्पा. रोड पे दो मैल जाते, मगर नदी में बारा बैल बचते." दस्तगीरभाई प्रथमच हसला. "हार फिरसे पहनना है क्या?"

सिद्रामप्पाही हसले. सगळे संपले होते. नरसय्या घरी जायला निघाला होता. इतक्यात सिद्रामप्पांनी खोक्यातला दुसरा डबा उचलला. खेप संपली, तर तोही टाकीत ओतून टाकावा म्हणून. मोहर पाहिली, शाबूत. फोडली. सवयीप्रमाणे मापातून ओतायला लागले, आणि थांबले.

"दोन गॅलन नाही हे."

 सिद्रामप्पांनी मोहरेचे तुकडे हातात घेऊन उलटेसुलटे केले. "मोहर शाबूत, शिक्का माझा, आणि आत बाटलीभर कमी. टायरं मोहर फोडत नाहीत दस्तगीर. मीटरही नाही." त्यांच्या आवाजातला मघाचा हसरेपणा गेला होता. शिक्का माझ्या खिशात होता, हे त्यांना आठवतच नव्हते. त्यांच्या मते मला काही कळत नव्हते, आणि ज्याला काही कळत नाही तो काही करूही शकत नाही.

मेव्हण्याने चष्मा परत लावला.

 दस्तगीरभाईने एकदाही माझ्याकडे पाहिले नाही. हातातली किल्ली मात्र तो हळूहळू पुन्हा ओट्याकडे नेत होता.

मी अंगणाच्या मध्यभागीच उभा होतो, मघा हात वर करून उभा राहिलो होतो तिथेच. तिथून कुठेही जाणे सगळ्यांना दिसले असते. मी खिशातून शिक्का काढला. उरलेली लाखेची कांडी काढली. ती निम्मी झाली होती.

"चटणी सांडली होती, अप्पा," मी म्हणालो. "कोटावर."

कुणालाच काही कळेना. मग सगळे सांगावे लागले. गौरक्का, आळे, साबण, राख, सोड्याची बाटली. मी गोष्टी सांगण्यात वाकबगार समजला जातो, पण ती गोष्ट मी चार वाक्यांत संपवली. नरसय्या आधी हसला. सिद्रामप्पा हसायला लागले ते ओट्यावर बसले. मेव्हणा एकटा हसला नाही. तो उठून घरात गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून अंगणात दिसला नाही.

"तुला माहीत होतं?" मी दस्तगीरभाईला विचारले.

"नाना, अक्कलकोट से वास आ रहा था. बीडी नहीं पी मैं, तुम्हारे कोट के डर से." त्याने किल्ली कमरेला खोचली. "सोचा, इज्जतदार आदमी है. बोलेगा खुद."

"आणि नसतो बोललो तर?"

 तो लॉरीपाशी गेला आणि टायरांवरची वाळू झटकायला लागला.

लॉरीच्या मीटरशेजारी आता नरसय्याच्या हाताने खडूने लिहिलेले आहे, की नऊ दिसले तर दहा समजावे. नंतरच्या खेपांना मला दोनदा बोलावणे आले, पण बसायला खोके मिळाले नाही, शेंगांची पोती मिळाली. तक्रार नाही. ज्यांना या बाजूला जायचे असेल त्यांनी जरूर जावे, दगडांवर विश्वास ठेवावा, आणि गौरक्काकडे जेवताना पान हाताने झाकू नये. पेट्रोलने शेंगाच्या चटणीचा डाग जात नाही. ज्यांना खात्री करून घ्यायची असेल, त्यांनी स्वतःचे पेट्रोल वापरावे.